शिक्षकांसाठी ब्लॉग आणि फीड रीडर: बडोद्याच्या स्टाफरूममध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात गुजराती मीडियमच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि शिकवण्याबद्दलचं वाचन बरंचसं इंग्रजीत, असं आमच्या इथल्या खूप मराठी शिक्षकांचं असतं. गेली बरीच वर्षं मी रोज थोडं थोडं इतर शिक्षकांचे ब्लॉग वाचते, तेही एका फीड रीडरमध्ये, आणि माझ्या शिकवण्यात जो काही फरक पडला तो यातूनच पडलाय असं मला अगदी मनापासून वाटतं. हे कळल्यापासून स्टाफरूममध्ये, दांडिया बाजारात भाजी घेताना, कुणाच्या मुंजीत जेवणाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

फीड रीडर म्हणजे नक्की काय?

समजा तुम्हाला वीस शिक्षकांचे ब्लॉग आवडतात. कुणी आठवड्याला लिहितं, कुणी तीन महिन्यांनी एकदा. नवीन काही आलंय का हे बघायला तुम्ही रोज वीस ठिकाणी जाणार का? नाही जाणार, चार दिवस जाल आणि मग सोडून द्याल. फीड रीडर हे काम करतो. तुम्ही त्याला वीस पत्ते देऊन ठेवायचे, तो थोड्या थोड्या वेळानं स्वतः जाऊन बघतो आणि नवीन लेख आला की तुमच्यापुढे आणून ठेवतो, सगळे एकाच पानावर, बऱ्याचदा जाहिरातींशिवाय.

यामागे जे असतं त्याला आरएसएस म्हणतात. १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीनं ते पहिल्यांदा काढलं, नंतर अ‍ॅटम नावाचा तसाच दुसरा प्रकार आला, आपल्याला दोन्हींत काही फरक जाणवत नाही. ब्लॉगच्या पानाची एक साधी प्रत असते, मशीनला वाचता येईल अशी, तिला फीड म्हणायचं. बास, एवढंच.

मी बडोद्याच्या लोकांना हे फिरत्या वाचनालयावरून समजावते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं केलं, त्यात लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून गावोगाव पाठवायचे. वाचणाऱ्यानं मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीपर्यंत यायची गरज नाही, पेटीच त्याच्या गावात जायची. फीड रीडर ही तशीच पेटी समजा, फक्त आत काय भरायचं ते तुम्ही ठरवायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्षकांचे इतके ग्रुप आहेत, सगळं तिथे येतंच की, मग हे वेगळं कशाला?

येतं, पण काय येतं ते एकदा मोजून बघा. परिपत्रक, त्याच परिपत्रकाचा पुन्हा फोटो, गुड मॉर्निंग, वाढदिवस, एखादी पीडीएफ जी मूळ कुणी बनवली ते कुणालाच माहीत नाही, आणि मग एकम कसोटीच्या, म्हणजे घटक चाचणीच्या, मार्कांची आठवण. ग्रुप कामाचे आहेतच, माझेही सहा आहेत, पण तिथे जे येतं ते दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासाठी निवडलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत वाहून जातं, नंतर शोधायला गेलात की सापडत नाही.

ब्लॉगवर एक माणूस असतो. त्याचं नाव असतं, तो काय शिकवतो ते तुम्हाला माहीत असतं, गेल्या वर्षी त्यानं काय करून बघितलं आणि ते का फसलं हेही त्यानंच लिहिलेलं असतं. एकाच शिक्षिकेला दोन वर्षं वाचत राहिलं की ती विचार कशी करते हे आपल्याला कळायला लागतं आणि हळूहळू आपणही वर्गात उभं राहून तसा विचार करायला लागतो. फॉरवर्ड केलेल्या पीडीएफमधून हे कधीच होत नाही. फेसबुक-यूट्यूबवर तर समोर काय यावं हे त्यांचं मशीन ठरवतं. फीडमध्ये तसं कुणी मध्ये नसतं, लेख आला की क्रमानं दिसतो.

पण सरकारी ट्रेनिंग असतातच की, ती पुरेशी नाहीत का?

ट्रेनिंगला माझा विरोध नाही. निष्ठा हा सरकारी ट्रेनिंगचा कार्यक्रम आणि दीक्षा हे सरकारी पोर्टल, यांवरचे काही कोर्स मी केलेत आणि त्यातले काही चांगले होते. अडचण अशी की ट्रेनिंगमध्ये तुमचा प्रश्न कुणी विचारत नाही. मी एकदा दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेले होते, मे महिना, एका हॉलमध्ये आम्ही ऐंशी-नव्वद जणं, पहिलीला शिकवणारेही तिथेच आणि आठवीला शिकवणारेही तिथेच, वर एकच पंखा, आणि समोर स्लाइड वाचून दाखवताहेत. माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट घोळत होती की माझ्या सहावीच्या पोरांना अपूर्णांकांची बेरीज का जमत नाहीये. दोन दिवसांत त्याबद्दल एक शब्द निघाला नाही. कुणाची चूक होती असं नाही म्हणत मी, नव्वद लोकांचे नव्वद प्रश्न कोण कसे घेणार.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. सगळ्यांना ते ५० तास लक्षात राहतात, पण त्याच वाक्यात पुढे आहे की हे शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावं. तो भाग कुणी वाचून दाखवत नाही, आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि हे काही नवीन खूळ नाहीये. आपल्याच गुजरातमध्ये, भावनगरला, गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक शिक्षणपत्रिका चालवत होते, आधी गुजरातीत, पुढे ताराबाईंनी मराठीतही. लांबच्या गावातला शिक्षक ती वाचायचा आणि आपल्या वर्गात करून बघायचा. तेव्हा पोस्टानं यायचं, आता मोबाइलमध्ये येतं.

कुठलं अ‍ॅप घेऊ? पैसे पडतात का?

सुरुवातीला काहीच पैसे पडत नाहीत. फीडली आणि इनोरीडर ही दोन सगळ्यात सोपी, मोबाइलवरही चालतात आणि शाळेच्या कॉम्प्युटरवरही. फुकटच्या खात्यात फीडलीत १०० आणि इनोरीडरमध्ये १५० फीड जोडता येतात, आणि खरं सांगते, शंभर ब्लॉग कुणी वाचूच शकत नाही, माझे पस्तीस-चाळीस आहेत तेच जास्त होतात. आयफोन किंवा मॅक असेल तर नेटन्यूजवायर पूर्ण फुकट आहे. अँड्रॉइडवर फीडर नावाचं एक साधं अ‍ॅप आहे, त्यात खातंसुद्धा उघडावं लागत नाही, ज्यांना पासवर्ड लक्षात ठेवायचा कंटाळा येतो त्यांना मी तेच घालून देते.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच शिकून घ्या. सेटिंगमध्ये एक्सपोर्ट किंवा ओपीएमएल असं काहीतरी दिसेल. त्यातून तुमच्या सगळ्या ब्लॉगांची यादी एका छोट्या फाइलमध्ये मिळते. ती स्वतःला ईमेल करून ठेवा. गूगलचा स्वतःचा रीडर होता, २००५ मध्ये सुरू झाला, जगभर लोक वापरायचे, आणि १ जुलै २०१३ ला गूगलनं तो बंद केला. ज्यांनी यादी काढून ठेवली होती ते दुसरीकडे गेले. बाकीच्यांची वर्षानुवर्षं जमवलेली वाचनाची जागा गेली.

ब्लॉग जोडायचा कसा? मला तो नारिंगी आयकॉन कुठेच दिसत नाही.

आयकॉन शोधू नका, तो आता बऱ्याच ठिकाणी नसतोच. ब्लॉगचा पत्ता कॉपी करा, अ‍ॅपमध्ये अधिकच्या खुणेवर दाबून तिथे पेस्ट करा, दहातल्या नऊ वेळा अ‍ॅप स्वतःच फीड शोधून काढतं. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या ब्लॉगला पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहा. ब्लॉगरचा म्हणजे ब्लॉगस्पॉटचा असेल तर स्लॅश फीड्स, स्लॅश पोस्ट्स, स्लॅश डीफॉल्ट. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतो, चॅनेलचा पत्ता टाकून बघा, आमच्या शाळेतले एक सर फक्त विज्ञानाच्या प्रयोगांचे चॅनेल असे जोडतात म्हणजे व्हिडिओ बघायला गेलं की बाजूला दुसरंच काही दिसून तासभर जात नाही.

आणि हो, तुम्ही फीड जोडला हे त्या ब्लॉगवाल्याला कळत नाही. ईमेल द्यावा लागत नाही, फोन नंबर नाही, काही नाही.

जोडला, पण दहाच लेख दिसतात. बाकीचे गेले कुठे?

कुठेही गेले नाहीत. फीडमध्ये फक्त शेवटचे काही लेख असतात, वर्डप्रेसवर साधारणपणे १०. फीड हा आजपासून पुढच्यासाठी असतो. जुनं वाचायचं तर ब्लॉगवरच जा, आणि जरूर जा, चांगल्या शिक्षकाचा ब्लॉग सापडला की मी दिवाळीच्या सुट्टीत त्याचं पहिल्यापासूनचं सगळं वाचून काढते. काही ब्लॉग फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि पुढचं वाचायला पान उघडायला लावतात, तेही तुमच्या अ‍ॅपचा दोष नाही, लिहिणाऱ्यानं तसं ठेवलेलं असतं.

वाचू कोणाचं? नावं सांगा ना.

नावांची यादी मी मुद्दामच देत नाही कारण तुमचा विषय वेगळा, इयत्ता वेगळी. पण कुठून सुरुवात करायची ते सांगते.

मराठीत महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांचे खूप ब्लॉग आहेत. त्यातले बरेच नुसते जीआर आणि वर्कशीट टाकतात, ते बाजूला ठेवा, पण काही जण आपल्या वर्गात आज काय झालं ते लिहितात, तसे शोधा. विज्ञानासाठी अरविंद गुप्तांची साइट कुणालाही डोळे मिटून सांगावी अशी आहे, टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि फुकट वाचायला ढीगभर पुस्तकं, मराठीतलीही. ती ब्लॉगसारखी नाही, फीडपेक्षा तिथे जाऊन बसायचं. मध्य प्रदेशातली एकलव्य संस्था १९८२ पासून काम करतेय, हिंदी येत असेल तर त्यांचं लिखाण नक्की वाचा, आपल्याला हिंदी इंग्रजीपेक्षा जवळची जाते. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. इंग्रजीत लर्निंग सायंटिस्ट्स नावाचा ब्लॉग आहे, २०१६ मध्ये सुरू झालेला, मुलांना आठवतं कसं आणि ते विसरतात का यावर संशोधक मंडळी सोप्या भाषेत लिहितात.

पण सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे एक ब्लॉग आवडला की तो लिहिणारा कुणाच्या लिंक देतो ते बघायचं. मला माझे निम्मे ब्लॉग असेच मिळालेत. आणि एखादा तरी असा जोडा जो तुमच्या विषयाचा नाही. मी एका भाषेच्या शिक्षिकेला वाचते, मुलांना प्रश्न विचारून झाल्यावर किती वेळ थांबायचं हे मी तिच्याकडून शिकले, गणिताच्या कुठल्याच ब्लॉगवर ते मला दिसलं नव्हतं.

इंग्रजी वाचायला जड जातं, काय करू?

पहिले दोन महिने जड जातं. नंतर नाही, कारण शिक्षकांच्या लिखाणात तेच तेच दोनशे शब्द फिरत असतात. ब्राउझरमध्ये भाषांतर करून वाचलं तरी हरकत नाही, मराठी भाषांतर अडखळत असेल तर गुजराती करून बघा. आणि फक्त मराठी-गुजराती-हिंदीच वाचायचं ठरवलंत तरी चालेल, त्यात काही कमीपणा नाही.

वेळ कुठून आणायचा? दोन आठवड्यांत २५० लेख साचले आणि मला टेन्शन आलं.

हा प्रश्न सगळ्यांचा असतो. तो न वाचलेल्यांचा आकडा म्हणजे उधारी नाही. वर्तमानपत्राची प्रत्येक ओळ आपण कुठे वाचतो? सगळं वाचलं असं मार्क करायचं बटण असतं, ते शनिवारी खुशाल दाबा. जे महत्त्वाचं असेल ते परत कुणीतरी लिहीलच.

माझी पद्धत सांगते. दोन फोल्डर केलेत. एकात पाचच ब्लॉग, ज्यांचा एक लेखही मला चुकवायचा नाही. दुसऱ्यात बाकी सगळे, ते नुसते चाळायचे. सकाळी चहा गाळून होईपर्यंत आणि मिड-डे मीलच्या सुट्टीत दहा मिनिटं, एवढंच. जे नीट वाचावंसं वाटतं त्याला अ‍ॅपमधली ताऱ्याची (स्टारची) खूण लावून ठेवते आणि रविवारी दुपारी वाचते. परीक्षेच्या दिवसांत, पेपर तपासायला घेतले की, उघडतही नाही. आणि दर दिवाळीला यादी साफ करते, जो लिहीत असतो पण ज्याचं सहा महिन्यांत काहीच उपयोगी पडलं नाही तो काढून टाकते. हे फार गरजेचं आहे, नाहीतर अ‍ॅप उघडायचीच भीती वाटायला लागते.

वाचते खूप, पण वर्गात काहीच बदलत नाही. माझं काय चुकतंय?

हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात खरा प्रश्न आहे, कारण पहिलं दीड वर्ष माझंही हेच होत होतं. वाचून छान वाटायचं, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी खडू घेऊन तेच जुनं सुरू.

बदल कसा झाला ते सांगते. सहावीत १/२ + १/३ दिलं की जवळजवळ अर्धा वर्ग २/५ लिहायचा. वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. मी लाल पेननं काट मारायची, लसावि काढायची रीत परत फळ्यावर करून दाखवायची, पोरं उतरवून घ्यायची आणि पुढच्या एकम कसोटीत परत २/५. मग एका शिक्षिकेच्या ब्लॉगवर वाचलं की ती चुकीचं उत्तर मुलाचं नाव न घेता फळ्यावर लिहिते आणि वर्गालाच विचारते की असं लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल, आणि हे उत्तर पटतंय का. फार साधी गोष्ट आहे. पण यावेळी मी तारा लावून सोडून दिलं नाही, त्याच रात्री सुखडी (कणीक, तूप, गुळाच्या वड्या) केली, चौकोनी ताटलीत थापून उभे-आडवे काप दिले, दोन बाय तीन, सहा सारखे तुकडे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर २/५ लिहिलं आणि काही बोलले नाही. मग ताटलीतली अर्धी सुखडी बाजूला काढायला सांगितली, तीन तुकडे. मग एक तृतीयांश, दोन तुकडे. सहातले पाच गेले, ताटलीत एकच उरला. आणि फळ्यावर अजून २/५ लिहिलेलंच होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो गणिताच्या पिरियडला सहसा खिडकीबाहेर बघत असतो, तो उभा राहून म्हणाला, "बेन, आ तो ओछुं थई गयुं!" म्हणजे अर्ध्यात आणखी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे कसं होईल? पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमीच ना. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यालाच दिसलं. मग लसावि का काढायचा ते सांगायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण सहा तुकडे समोरच होते.

तेव्हापासून माझा नियम आहे, आठवड्यात वाचलेल्यातली एकच गोष्ट वर्गात करायची, एकच, आणि ती झाली की एका फुलस्केप चोपड्यात तीन ओळी लिहायच्या. काय वाचलं, काय केलं, काय झालं. त्या दिवशीची तिसरी ओळ अशी आहे: सुखडी वाटण्यात पंधरा मिनिटं गेली, पुढच्या वर्षी कागदाच्या पट्ट्या घ्यायच्या, सुखडी शेवटी. त्या चोपड्याशिवाय ब्लॉग वाचणं म्हणजे माझ्या मते नुसतंच वाचणं आहे. आता तिसरा चोपडा चालू आहे.

दुसरी एक गोष्ट मी ब्लॉगांवरून उचलली ती म्हणजे पिरियडच्या सुरुवातीला तीन प्रश्न, पुस्तक बंद. एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. यामागे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण पोरांना "परत वाचा, परत वाचा" म्हणत असतो. त्याऐवजी पुस्तक मिटून सांगायला लावायला हवं.

कुणीही काहीही लिहितं, खरं कसं ओळखायचं?

ब्लॉगवाला स्वतःच्या वर्गाबद्दल लिहीत असेल तर तो त्याचा अनुभव आहे, त्याला तेवढीच किंमत द्या, करून बघा, तुमच्या साठ मुलांच्या वर्गात जमेलच असं नाही. पण कुणी "संशोधन सांगतं" असं म्हणालं की विचारा, कुणाचं, कधीचं, लिंक आहे का.

दोन गोष्टी इतक्या वेळा फिरतात की सांगूनच टाकते. एक ते कोष्टक, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचं शंकूच्या आकाराचं चित्र काढलं होतं, त्याच्या नावावर ते खपवतात पण डेलच्या शंकूत टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली. दुसरं म्हणजे हा मुलगा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, ती हातानं करून शिकणारी, अशा वाटण्या करून तसं शिकवायचं. २००८ मध्ये पॅशलर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नीट आढावा घेतला आणि असं वाटून शिकवल्यानं शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही असं लिहिलं. मी स्वतः चार वर्षं वर्गाच्या याद्या करून अशा वाटण्या केल्या होत्या, ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं म्हणून. ब्लॉगवर त्याविरुद्ध पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. मग मूळ लेख शोधून वाचला आणि याद्या थांबवल्या.

दुसऱ्याच्या ब्लॉगवरची वर्कशीट वर्गात वापरली तर चालेल का?

वर्गात शिकवताना वापरायला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, शिक्षकांना मोकळीक आहे. पण नाव खोडून आपलं नाव टाकून ग्रुपवर पाठवणं, किंवा क्लासेसवाल्यांनी छापून विकणं, हे वेगळं झालं. खूप शिक्षक क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावतात, त्यात काय करायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा नाव द्या एवढंच मागणं असतं. खालचं नाव ठेवा. कुणीतरी रात्री जागून बनवलेली असते ती.

मीपण ब्लॉग लिहू का? मला कोण वाचणार?

लिहा. मराठीत लिहा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्ही फुकट आहेत, फीड आपोआप तयार होतो, टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोलून लिहिता येतं आणि मग चुका दुरुस्त करायच्या. चोपड्यातल्या त्याच तीन ओळी थोड्या मोठ्या केल्या की पोस्ट झाली. दहा जणांनी वाचलं तरी त्या दहांतला एक सहावीला अपूर्णांक शिकवत असतो.

मुलांच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. नाव नाही, चेहरा नाही, युनिफॉर्मवरून शाळा ओळखू येईल असा फोटो नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मुलाची चूक लिहायची तर ती कुणाची हे त्याच्या आईलाही कळता कामा नये. मी वहीच्या पानाचा फोटो न घेता ते गणित स्वतः कोऱ्या कागदावर उतरवून त्याचा फोटो टाकते.

याचं सर्टिफिकेट मिळतं का?

नाही. पण आमच्या प्रिन्सिपल बेननी फाइलमध्ये काय ठेवू विचारलं तेव्हा मी चोपडा दाखवला, तारखांसकट. त्यांनी पंधरा मिनिटं उभ्यानं वाचला आणि झेरॉक्स मागितली.

माझं वय ५४, आता हे जमेल का?

जमेल. आमच्या गटात सगळ्यात नियमित वाचणाऱ्या ताई रिटायर व्हायला आल्यात. त्यांना मी अ‍ॅप घालून दिलं, पाच ब्लॉग जोडून दिले, अक्षरं मोठी करून दिली, अर्धा तास लागला.

एकटीनं वाचायचा कंटाळा येतो.

मग एकटीनं वाचू नका. आम्ही पाच जणी महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, कुणातरी एकीकडे जमतो, सेवउसळ नाहीतर पोहे, आणि प्रत्येकीनं एकच लेख सांगायचा, सांगितल्यावर वर्गात काय केलं तेही सांगायचं. ज्या महिन्यात काही केलं नसेल त्या महिन्यात तसं सांगायचं, कुणी काही म्हणत नाही. दोघी गुजराती आहेत, म्हणून बोलणं अर्धं गुजराती अर्धं मराठी चालतं. पाचापेक्षा जास्त नको, नाहीतर परत ट्रेनिंगच्या हॉलसारखं होतं.

आवडता ब्लॉग बंद पडला तर?

खूप पडतात. शिक्षक आहेत, बदली होते, घरी कुणी आजारी पडतं, लिहिणं थांबतं. जे फार आवडतं त्याची पीडीएफ करून ठेवत जा, कारण कधी कधी साइटच जाते. गेलीच तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून बघा, बऱ्याचदा जुनी पानं मिळतात.

पण फीड मात्र काढू नका. ब्लॉग गप्प असला तर तो तुमच्या यादीत नुसता पडून राहतो, त्याचा काही त्रास नसतो. ज्या शिक्षिकेचा तो चुकीच्या उत्तराचा लेख मी वाचला होता तिनं नंतर जवळजवळ तीन वर्षं काहीच लिहिलं नाही. दर दिवाळीला यादी साफ करताना तिचं नाव यायचं आणि मी ठेवायची. मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी तिच्या नावापुढे एक आकडा दिसला. ती आता दुसऱ्या शाळेत आहे, लहान मुलांना शिकवते, आणि लिहिलं होतं की हातच्याच्या वजाबाकीत मुलं काय विचार करतात ते तिला अजून नीट कळत नाहीये.